लाँगबोर्डचा ब्रेक कुठे असतो?

लाँगबोर्डला ब्रेक नसतो, हा सगळ्यात मोठा गैरसमज. ब्रेक असतो, फक्त तो फळीवर बसवलेला नसतो. उतारावर बोर्ड आडवा फिरवायचा, चारही चाकं डांबरावर घासत न्यायची आणि वेग मारायचा, हीच स्लाइड. बघणाऱ्याला ती करामत वाटते, आणि तिथेच घोळ होतो. पोरं आधी वेग घेतात आणि थांबायचं नंतर शिकू म्हणतात. पण वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. म्हणून आधी एक पाय रस्त्यावर घासून थांबणं, मग अगदी हलक्या उतारावर स्लाइड आणि त्यानंतरच वेग.

पहिली स्लाइड शिकावी ती कोलमन. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या चढउतारांवर क्लिफ कोलमन यांनी ती रुजवली. जवळजवळ उकिडवं बसायचं, मागचा गुडघा आत वळवायचा आणि एक हात रस्त्याला टेकवून बोर्ड आडवा करायचा. त्यासाठीच्या खास हातमोज्याच्या तळव्याला कडक प्लास्टिकची जाड चकती असते. साध्या मोज्याने हे करू गेलात तर तळव्याची सालटी निघतील. हेल्मेट आणि गुडघा-कोपराची पॅड शिकाऊंसाठीच, हेही खोटं. मुरलेले रायडर तर वेगात पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालतात.

‘कुठलाही लाँगबोर्ड चालतो’ असं दुकानात सर्रास ऐकू येतं. लांब, लवचीक फळी सपाट रस्त्यावर सुखाची, पण स्लाइडमध्ये पायाखाली डोलते. फ्रीराइडला, म्हणजे स्लाइड करत उतार उतरायला, कडक फळी लागते, साधारण ३६ ते ४० इंचांची. दोन्ही टोकं सारखी असली तर बोर्ड उलटा फिरला तरी तसंच पुढे जाता येतं. चाकं ७० मिलिमीटरच्या आसपासची, ८० ए कडकपणाची. याच बोर्डवर रोजचं फिरणंही होतं. मात्र बोर्ड पूर्ण आडवा धरून रेटत राहिलात की चाकं फिरायची थांबतात, एकाच जागी झिजून चपटी होतात आणि मग खडखडत चालतात.

पावसात शिकणं सोपं, असंही म्हणतात. ओल्या डांबरावर चाकं सुटतात खरी, पण पुन्हा पकड घेत नाहीत. शिवाय बेअरिंग गंजतात. आपल्याकडचा जुलै त्यासाठी नाहीच. उसाच्या हंगामातही जपा: ट्रॉलीतून पडलेलं एखादं कांडं किंवा वळणावरची बारीक खडी चाकाला अडली की बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढे जातो.

आणि पन्हाळा. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरचा तो घाट बघून कुणालाही बोर्ड घेऊन उतरावंसं वाटेल. पण तिथे आंधळी वळणं आहेत, दोन्ही बाजूंनी एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या येतात. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने गडावर जाणारा रस्ताच खचला होता. वाहतूक चालू असताना तिथे उतरणं हा माझ्या मते निव्वळ अविचार आहे. परदेशातले व्हिडिओ पुष्कळदा बंद केलेल्या रस्त्यांवरचे असतात, हे पडद्यावर दिसत नाही.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे, हेही अर्धसत्यच. २०२१ मध्ये टोकियोत आले ते स्केटबोर्डिंगचे स्ट्रीट आणि पार्क हे प्रकार. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेही स्ट्रीटमध्ये.

सरावाला संस्थेच्या किंवा वसाहतीच्या आवारातला, परवानगी घेतलेला उतार शोधा. सुरुवात करण्याआधी तो पायी उतरा, खडी झाडा, आणि खाली बोर्ड आपोआप थांबेल एवढी सपाट जागा आहे ना ते बघा. ती नसेल तर तो उतार सोडून द्या.