बशी उलटी करून पाहा!

आजीच्या लोणच्याच्या बरणीला आपण 'चिनी मातीची बरणी' म्हणतो. बरणी बनते आपल्याच देशात, मग माती चिनी कशी? कारण पांढरीशुभ्र, टिचकी मारताच टण्णकन वाजणारी भांडी आधी चीनने घडवली!

तिथल्या चिंगदेझेन गावचे कारागीर कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढत. त्यावर झिलई चढवून भांडं सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. भट्टीत जाताना काळपट दिसणारा रंग बाहेर येताना निळाभोर झालेला असे! तो झिलईखाली असल्याने घासला तरी जात नाही.

अशा काही भांड्यांच्या बुडाशी सहा चिनी अक्षरं असतात. बहुतेकदा दोन उभ्या ओळींत, आधी उजवीकडची ओळ वाचायची. एका खुणेचा अर्थ असा : 'महान मिंग घराण्याच्या श्वानदे राजवटीत तयार केले.' ही राजवट १४२६ ते १४३५ची. मग भांडंही तेव्हाचंच ना?

थांबा! कांग्शी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) नव्या भांड्यांवरही जुन्या राजवटींची नावं घालत, पूर्वजांच्या कलेचा मान म्हणून. पुढे फसवाफसवीसाठीही ती वापरली गेली. इंग्रजीत 'चायना' असं छापलेलं असेल, तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं.

म्हणून जाणकार माती, रंग, झिलई तर पाहतातच. शिवाय वस्तू कुठे सापडली, हेही विचारतात. आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल हे जुनं बंदर. तिथे चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. जमिनीच्या त्याच थरात एखादं नाणं सापडलं, तर तुकड्याचं वय ठरवायला मदत होते. पण कुणी तो आधीच खिशात घालून नेला असेल तर? हाती नुसतं खापर उरतं, त्याची गोष्ट हरवते! म्हणून सहलीत असा तुकडा दिसला तर उचलू नका. जागा वहीत टिपा, बाईंना किंवा सरांना सांगा.

अख्खी भांडी पाहायचीत? आमच्या सुकापूरच्या मुलांनी पनवेलला लोकल पकडावी आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी वस्तू तिथे आहेत.

आणि जमवायचंच असेल, तर खुणा जमवा! घरातले कप-बशा, बरण्या मोठ्यांच्या देखत उलट्या करा. बुडाची खूण वहीत काढा. शेजारी लिहा : कुणी आणली, कुठून, कधी. आजीला विचारायला विसरू नका हं!