शून्याच्या उंबरठ्यावर : लेखांक ७
एकाच स्फटिकात दोन उत्तरं

गेल्या आठवड्यात आपण लायडनला होतो, १९११ साली अतिवाहक ठरलेल्या पाऱ्याजवळ. आज मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाऊ.

अतिवाहकात, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात, हे १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं. जोडी फोडायला ठरावीक ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा नसलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनला अतिवाहकात जागाच मिळत नाही. ऊर्जेच्या या रिकाम्या पट्ट्याला प्रयोगशाळेत सगळे ‘गॅप’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गॅप असते अगदी चिमुकली. आजचा आपला स्फटिक यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन या चौघांचा. १४.६ केल्विनच्या खाली तो अतिवाहक होतो. या तापमानाला बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांताचा ठोकताळा लावला तर त्याची गॅप साधारण २.२ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवी. आपल्या खोलीतल्या उष्णतेची ऊर्जाच २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असते! २.७ केल्विनला ती ०.२३ वर येते, तेव्हा कुठे गॅपची कड दिसायला लागते. इतकी थंडी पदार्थ अतिवाहक व्हावा म्हणून लागतेच, शिवाय मोजमाप पुसट होऊ नये म्हणूनही लागते.

या चौकडीचं कुलाब्याशी जुनं नातं आहे. निकेल म्हटलं की चुंबकत्व आलं, आणि चुंबकत्वाचं अतिवाहकतेशी सहसा पटत नाही. तरीही आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच चार मूलद्रव्यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता सापडली. हा शोधनिबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि बोरोकार्बाइड नावाचं नवं घराणंच उभं राहिलं. माझ्या मते आपल्याकडच्या पदार्थविज्ञानातलं हे मोठं काम, पण पाठ्यपुस्तकांना त्याची फारशी खबर नाही.

पुढे दहा वर्षांनी त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी, गौतम शीट, एस. रामकृष्णन आदींनी या पदार्थाच्या एकसंध स्फटिकाची गॅप मोजली. स्फटिक जपानच्या ताकेया यांनी वाढवलेला.

ही मोजणी होते ती टोकाच्या स्पर्शाने. धातूच्या तारेचं अणकुचीदार टोक हेलियमच्या थंडीत, स्क्रू अगदी हळूहळू फिरवत स्फटिकाला टेकवायचं आणि त्या टोकातून वीज सोडायची. गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आला की तो आत जाताना आणखी एकाला जोडीला घेतो, आणि त्या दुसऱ्याची मोकळी जागा उलटी मागे फिरते. आंद्रेयेव्ह यांनी १९६४ मध्ये सांगितलेली ही गंमत. एकाच्या जागी दोन गेल्याने वाहकता, स्पर्श स्वच्छ असेल तर, दुपटीपर्यंत चढते. व्होल्टेज गॅपच्या पलीकडे गेलं की ती पुन्हा नेहमीच्या पातळीवर उतरते. जिथे उतरते, तिथे गॅप.

ऐकायला सोपं, पण खरी कसोटी स्पर्शाची आहे. टोक स्फटिकाला टेकतं ती जागा इतकी लहान हवी, की इलेक्ट्रॉन तिथून न धडकता पार व्हावा. जागा मोठी झाली की वीज तिथेच जास्त होते, तेवढ्या भागातली अतिवाहकता मोडते आणि आलेखात खोल खळगे उमटतात. नवखा माणूस त्यांनाच गॅपची खूण समजून बसेल. हे खळगे गॅपचे नसून स्पर्शातल्या विजेचे आहेत, हे याच गटातल्या संशोधकांनी त्याच सुमारास वेगळ्या निबंधात दाखवलं. मला हा दुसरा निबंध पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. त्याच्याशिवाय पहिल्यातल्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

आणि ते आकडे विचित्रच निघाले. वीज स्फटिकाच्या उभ्या अक्षातून सोडली तर गॅप मोठी, आडव्या अक्षातून सोडली तर छोटी. फरक थोडाथोडका नाही, साडेचार पट! गगनबावड्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. त्याच गावातून पश्चिमेला निघा, करूळ घाटाने रस्ता थेट कोकणात कोसळतो. पूर्वेला साळवण, कळे करत कोल्हापूरला जा, तसा उतार कुठे लागतच नाही. गाव एकच, पण ‘इथून उतार किती?’ या प्रश्नाला आधी दिशा सांगावी लागते.

शिवाय तापमान वाढवत नेलं तेव्हा दोन्ही दिशांच्या गॅप एकाच चालीने मिटल्या नाहीत. सर्व दिशांना सारखी गॅप मानणाऱ्या जुन्या चित्रात हे बसत नाही. जोड्यांची रचनाच दिशेनुसार बदलते, असं या मंडळींचं म्हणणं. वेगवेगळ्या इलेक्ट्रॉन-पट्ट्यांच्या वेगवेगळ्या गॅप मानणारीही बाजू आहे. मला स्वतःला दिशेचा युक्तिवाद जास्त पटतो, पण एवढ्यावर पैज लावणार नाही.

पुढच्या लेखांकात बिस्मथ. त्याची अतिवाहकता याच संस्थेत २०१६ साली सापडली, तीही ०.०००५३ केल्विनला. तोच ठोकताळा लावला तर तिथली गॅप आजच्या स्फटिकापेक्षा सुमारे २७ हजार पट लहान येते. तिथे पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा जड जातं. ते अडवल्याशिवाय प्रयोगाला हातच घालता येत नाही. कसं अडवलं, ते पुढच्या आठवड्यात.