खतन्याआधी आजोळी एक प्रश्न विचारा

घरात मुलगा जन्मला की अकीका आणि खतना यांची बोलणी सुरू होतात. तारीख ठरते, दावत ठरते. पण एक प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो : बाळाच्या आजोळी कुणाचे रक्त लवकर थांबत नसे का? नाना, एखादा मामू किंवा खालाचा मुलगा?

हा प्रश्न हिमोफिलिया या आजारासाठी आहे. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक (फॅक्टर) यात कमी असतो किंवा नसतोच. जखमेतून रक्त जास्त जोराने येत नाही, पण ते थांबत नाही. याचा मुख्य प्रकार सुमारे ५००० मुलग्यांमागे एकात आढळतो.

मुलग्यांतच का? स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषात एक एक्स व एक वाय. हे घटक बनवणारी जनुके एक्सवर असतात. स्त्रीच्या एका एक्सवर दोष असला तरी दुसरे बहुधा काम निभावते. मुलाकडे दुसरे एक्सच नसते. दोषाची वाहक असलेल्या आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याचीही निम्मी. आजारी पित्याचे मुलगे त्याच्यापासून हा दोष घेत नाहीत, मुली मात्र सर्व वाहक होतात. म्हणून हा आजार नानांकडून नातवाकडे येतो आणि मधली पिढी निरोगी दिसते.

हे निरीक्षण आपल्या इतिहासातही आहे. कुर्तुब्याजवळचे प्रसिद्ध शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी सुमारे १००० साली ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात एका गावातील अशा पुरुषांची नोंद केली, जे साध्या जखमेनेही रक्त वाहून मरत.

अनेक मुलांत हा आजार प्रथम खतन्याच्या वेळीच उघडा पडतो. म्हणून आजोळी असा इतिहास असेल तर खतना घरी मुळीच करू नये. आधी डॉक्टरांना सांगून एपीटीटी आणि फॅक्टरची तपासणी करावी. साधी सीबीसी नॉर्मल आली म्हणजे धोका टळला असे नव्हे. आजार निघाला तरी रुग्णालयात फॅक्टर देऊन खतना करता येतो. जिवाला धोका असेल तर तो लांबवण्याची मुभा फुकहांनी दिलेली आहे.

सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो. त्यामुळे रांगताना अंगावर निळे डाग पडणे, गुडघा किंवा घोटा सुजणे, इंजेक्शनच्या जागी गाठ येणे याकडेही लक्ष असावे. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलींचे रिश्ते अडतील या भीतीने घरे हा आजार लपवतात, आणि आजारी मुलाच्या आईला बोल लावला जातो. आईने हा दोष निवडलेला नसतो, तो तिलाही वारशानेच मिळतो किंवा नव्याने उद्भवतो. लपवण्याची किंमत तिच्या बहिणींची मुले मोजतात. शिवाय काही वाहक स्त्रियांतही फॅक्टर कमी असतो, त्यांना पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्तस्राव होतो. म्हणून आजारी मुलाच्या बहिणींची व खालांची तपासणी लग्नाआधी किंवा निदान बाळंतपणाआधी व्हावी.

पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला आणि तिथून परळ गाठले की केईएम रुग्णालय आहे. त्याच्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा. वेळेवर फॅक्टर मिळाला तर ही मुले शाळा शिकतात, कमावतात, संसार करतात.

पुढच्या वेळी खतन्याची तारीख धरण्याआधी नानीला फोन करा. पाच मिनिटांचे काम आहे. अल्लाह आपल्या लेकरांना सलामत ठेवो.