रँग्लरांचं केंब्रिज

केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या पदवी परीक्षेला 'मॅथेमॅटिकल ट्रायपॉस' म्हणतात. अंतिम वर्षाला प्रथम वर्ग मिळवणारा तो रँग्लर, त्यांच्यात अव्वल तो सीनियर रँग्लर.

■ कोकणचा मान : दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पहिला क्रमांक जी. बर्टविसल यांच्यासोबत विभागून होता. पुढे परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

■ पहिली, तरी यादीबाहेर : १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांनी सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळवले. पण किताब पुरुषालाच गेला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ पासून.

■ तळाचाही सत्कार : ऑनर्सच्या यादीत शेवटी राहणाऱ्याला मित्रमंडळी भलामोठा लाकडी चमचा द्यायची. १९०९ चा शेवटचा चमचा होडीच्या वल्ह्यापासून बनवलेला आणि मीटरभराहून लांब होता. त्यानंतर क्रमवारी जाहीर करणंच थांबलं आणि ही थट्टाही संपली.

■ आजची शिकवणी : व्याख्यानं शेकडोंच्या वर्गात होतात, खरी कसोटी 'सुपरव्हिजन'मध्ये लागते. उदाहरणांचे कागद आधी सोडवून द्यायचे, मग बहुधा दोघांच्या जोडीने तासभर शिक्षकासमोर बसून आपली सिद्धता तपासून घ्यायची.

■ निकाल : आता यादी गुणानुक्रमे नव्हे, वर्गवार लागते. रँग्लर ही उपाधी मात्र कायम आहे.