प्रेमातली एटीकेटी

पी.एल. सुरू झाली की होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास वाढतात : चहा आणि अवांतर वाचन. एरवी पेपरही न उघडणाऱ्या मुली परीक्षा आठ दिवसांवर आली की साडेतीनशे पानांची कादंबरी दीड रात्रीत संपवतात. गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर अशीच एक इंग्रजी प्रेमकादंबरी फिरत होती. तिला 'मशीन डिझाईन'चं कव्हर घातलं होतं. रेक्टर मॅडम राऊंडला आल्या, त्यांनी पुस्तक उचललं, चार पानं चाळली, "डिझाईन बरं दिसतंय" एवढंच म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. आम्ही गारच! पाचव्या दिवशी पुस्तक परत आलं. कव्हर तसंच होतं, फक्त आत खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट राहून गेलं होतं... शेवटून तिसऱ्या पानावर.

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख अशा पुस्तकांबद्दल आहे. पण खरं कारण वेगळं आहे. त्याच दिवसांत माझ्या रूम पार्टनरचं एक प्रकरण चालू होतं. (तिला विचारूनच लिहितेय.) दीड वर्षाची मैत्री होती. मुलगा हुशार, बोलायला गोड. पण हळूहळू सुरू झालं – चहाला कोणाबरोबर गेलीस, फोनचा पासवर्ड सांग, लॅबमध्ये त्या ग्रुपमध्ये का बसतेस. एकदा स्टँडवर त्याने तिचा दंड इतका आवळला की दोन दिवस वळ होता. तिने सगळं तोडलं. सहा महिन्यांनी मेसेज यायला लागले : 'सॉरी. एक चान्स दे.' आणि ही विरघळायला लागली. मी म्हटलं, "अगं, वेडी आहेस का?" तर तिने उशाशी ठेवलेल्या पुस्तकांच्या चळतीकडे बोट दाखवलं. "यातल्या प्रत्येकीने शेवटी काय केलं? माफच केलं ना? मग मी केलं तर काय बिघडलं?"

व्हायव्हाला एक्स्टर्नलने भलताच प्रश्न विचारावा तशी माझी अवस्था झाली. उत्तर येत नव्हतं. म्हणून परीक्षा संपल्यावर मी ती चळत स्वतः वाचून काढली, आणि त्यांच्याबद्दल अभ्यासकांनी काय लिहिलंय तेही शोधलं. हे त्या प्रश्नाचं उत्तर.

आधी व्याख्या. (सवयच ती आपली!) अमेरिकेत १९८० साली रोमान्स लिहिणाऱ्यांची एक संघटना निघाली, 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका'. तिची व्याख्या दोनच अटींची होती. एक, गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी. दोन, शेवट समाधानाचा आणि आशेचा हवा. (२०२४ मध्ये या संघटनेने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे व्याख्या लिहिणाऱ्यांच्या नशिबी शेवट तसा आला नाही. असो.) या नियमाने आपला 'देवदास' रोमान्समध्ये बसत नाही. प्रेम भरपूर आहे, पण शेवटी तो पारोच्या दारात मरतो. सेकंड अटेम्प्टलाही नापास!

हा धंदा जुना आहे. लंडनमध्ये १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी प्रकाशन संस्था काढली, ती 'मिल्स अँड बून'. आपल्या आया-मावश्यांच्या कॉलेजच्या दिवसांत रद्दीवाल्याकडे आणि भाड्याच्या लायब्ररीत मिळायची ती पातळशी पुस्तकं यांचीच. कॅनडात १९४९ साली निघालेल्या 'हार्लेक्विन' कंपनीने १९७१ मध्ये ही संस्था विकत घेतली. २००८ मध्ये मिल्स अँड बूनचं भारतात ऑफिसही उघडलं.

"शेवट माहीतच असतो, मग वाचायचं कशाला?" हा मुलांच्या होस्टेलचा ठरलेला टोमणा. त्याला उत्तर आपल्याच अभ्यासात आहे. गणिताच्या पुस्तकात उत्तरं मागे छापलेलीच असतात. ती पाहून कोणी उत्तर लिहिलं तर सर मार्क देतात का? मार्क स्टेप्सना असतात. रोमान्स वाचणारी बाई 'काय होणार' यासाठी वाचत नाही, 'कसं जमणार' यासाठी वाचते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा वाचक स्त्रियांशी सविस्तर बोलून १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की घरकाम आणि मुलंबाळं सांभाळणाऱ्या या बायकांना वाचनाचा तो वेळ हक्काचा, स्वतःचा वाटायचा. सगळ्यांची काळजी त्या घ्यायच्या, त्यांची काळजी घेणारं कोणी नसायचं. ते पुस्तकात मिळायचं. मेसच्या काकू दुपारी भांडी झाल्यावर सिरियल लावून बसतात तेव्हा त्यांना हाक मारून बघा, म्हणजे कळेल!

आता स्टेप्स. पामेला रेगिस यांनी २००३ साली रोमान्स कादंबरीचे आठ आवश्यक भाग मांडले. माझ्या भाषेत सांगायचं तर : आजूबाजूचा समाज, दोघांची भेट, मधला अडसर, ओढ, प्रेमाची कबुली, 'आता सगळं संपलं' असा क्षण, मग उमज, आणि शेवटी गाठ बांधणं. क्रम मागेपुढे होतो, पण आठही भाग लागतात. यातली सगळ्यात महत्त्वाची स्टेप सातवी, उमज. अडसर कशामुळे होता हे दोघांना कळतं आणि तो दूर होतो. ही स्टेप गाळली तर उत्तर बरोबर असूनही गणित चूक.

'सेकंड चान्स' प्रकारात गंमत अशी की पहिला ब्रेकअप पहिल्या पानाच्या आधीच झालेला असतो. या प्रकारातलं माझ्या मते सगळ्यात पक्कं पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. जेन ऑस्टिन १८१७ च्या जुलैमध्ये वारली, त्याच डिसेंबरात तिची 'पर्सुएशन' छापून आली. नायिका ॲन एलियट २७ वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी तिने फ्रेडरिक वेंटवर्थशी लग्न ठरवलं होतं. तो नौदलातला, हातात पैसा नाही. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलनी समजावलं, आणि ॲनने लग्न मोडलं. आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन, पैसा कमावून परत येतो. अजून चिडलेला आहे.

मला वाटलं होतं, आता तो तिला माफ करील आणि पुस्तक संपेल. तसं होत नाही. शेवटाकडे तो तिला विचारतो की, लग्न मोडल्यावर दोन वर्षांनी माझं बरं चाललं होतं, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर हो म्हणाली असतीस का? ती हो म्हणते. मग तो कबूल करतो की पत्र न लिहायला लेडी रसेल नाही, त्याचा स्वतःचा ताठा आडवा आला. मधली सहा वर्षं त्याच्या हट्टाने गेली. माफी मागायला आलेला माणूस इथे स्वतःच्या चुकीचा हिशेब मांडतो, वर्षांच्या आकड्यासकट. दुसरा चान्स त्याला त्यामुळे मिळतो.

दुसरं पुस्तक, सावरण्याचं. रॉबिन कार यांची 'व्हर्जिन रिव्हर' (२००७). त्यावरची सिरियल २०१९ पासून नेटफ्लिक्सवर आली, ती निम्म्या होस्टेलने पाहिली आहे. मेल ही लॉस एंजेलिसमधली नर्स आणि सुईण. तिचा डॉक्टर नवरा एका दुकानातल्या दरोड्यात मारला गेलाय. ती उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या एका (काल्पनिक) गावात नोकरी घेते. राहायला दिलेली केबिन मोडकळीला आलेली. दुसऱ्या दिवशी निघून जायचं ठरवते, तर म्हाताऱ्या डॉक्टरच्या ओसरीवर कोणीतरी तान्ही मुलगी सोडून गेलेलं असतं. मेल थांबते. गावात बार चालवणारा जॅक, पूर्वीचा सैनिक, तिच्या प्रेमात पडतो.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जॅक तिला 'बरी' करत नाही. तो केबिन दुरुस्त करतो, जेवायला घालतो आणि थांबतो. मेल रडते, मेलेल्या नवऱ्यासाठी रडते, आणि तो त्या माणसावर जळत नाही. तिला सावरतं ते तिचं काम : बाळंतपणं, रात्री-अपरात्रीचे पेशंट, नावाने हाक मारणारं गाव. प्रेम त्याच्या बरोबरीने येतं. तुटलेल्या हाडाला प्लास्टर घालतात तेव्हा प्लास्टर हाड जोडत नाही. हाड स्वतःच जुळतं, प्लास्टर फक्त त्याला हलू देत नाही. जॅक म्हणजे प्लास्टर!

"हे दोघं चांगलेच होते," रूम पार्टनर म्हणाली. "ज्याने त्रास दिला त्याचं काय?"

प्रश्न बरोबर होता. आणि तिचं आधीचं म्हणणंही अगदीच निराधार नव्हतं. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली आणि अमेरिकेत तुफान खपली. त्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे तोच तिचा प्रेमाचा नवरा ठरतो. त्या काळातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत हाच नमुना दिसतो. हिशेब कोणी मागतच नाही, सातवी स्टेप सरळ गाळलेली. पुढे वाचकांनी आणि लेखिकांनीच त्यावर बोट ठेवलं, आणि आता असा नायक पूर्वीसारखा खपवून घेतला जात नाही.

म्हणून तिसरं पुस्तक, चळतीतलं सगळ्यात वर असलेलं, कॉलीन हूव्हर यांचं 'इट एन्ड्स विथ अस' (२०१६). (शेवट सांगतेय, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) बोस्टनमध्ये फुलांचं दुकान चालवणारी लिली न्यूरोसर्जन राइलशी लग्न करते. तो हात उचलतो. मग रडतो, माफी मागतो. ती माफ करते. पुन्हा तेच. लिलीने लहानपणी आईला मार खाताना पाहिलंय, आणि 'आई निघून का जात नाही' हा तिचा तेव्हाचा प्रश्न. आता तिला त्याचं उत्तर आतून कळायला लागतं. शेवटी मुलगी होते. लिली दवाखान्यातच राइलला विचारते, उद्या या मुलीने येऊन सांगितलं की माझा माणूस मला मारतो, तर तू तिला काय सल्ला देशील? राइलकडे खरं उत्तर एकच असतं. लिली घटस्फोट मागते. लहानपणी घरात मार पाहिलेल्या हूव्हर यांनी यात स्वतःच्या आईची हकिगत डोळ्यांपुढे ठेवली होती. आईने वेळीच ते घर सोडलं होतं.

म्हणजे इथेही दुसरा चान्स आहेच. फक्त तो राइलला मिळत नाही, लिलीला मिळतो.

हा फरक आपल्याकडच्यांना नवा वाटायचं कारण नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये. पुस्तक विधवांच्या हालांबद्दल आहे. यमुना स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. लेखकाचा हेतू धर्मप्रचाराचा आणि सुधारणेचा होता, ते आजच्या अर्थाने रोमान्स नव्हे. तरी मराठी कादंबरीने पहिलं पाऊल टाकलं तेच एका बाईच्या दुसऱ्या चान्सपाशी, हे मला फार आवडलं.

आता हे सगळं आपल्या भाषेत. एटीकेटी म्हणजे काय? वर्ष वाया जाऊ देत नाहीत, पण विषय सुटलेलाही नसतो. पेपर पुन्हा द्यावाच लागतो. आणि सगळ्यांना माहीत आहे की तीच अर्धवट वही घेऊन बसलं तर निकालही तोच लागतो. चांगल्या सेकंड चान्स कादंबरीत माफी ही एटीकेटीसारखी असते. ती पुढच्या वर्गात जाऊ देते, पास करत नाही. पास व्हायला वेंटवर्थसारखं कुठे चुकलं ते नेमकं सांगावं लागतं, आणि जॅकसारखं थांबता यावं लागतं. काही विषय तर सोडूनच द्यावे लागतात. ज्या पेपरला बसलं की जिवाला धोका, तो पेपर नव्हेच.

रूम पार्टनरला मी हे सगळं एवढं नीट सांगितलं नाही. मेसच्या रांगेत तुटक तुटक बोलले. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. मी बाहेर जायला निघाले, तर तिने खुणेनेच बस म्हटलं. तिने त्याला एकच विचारलं, "मागच्या वेळी नेमकं काय चुकलं, ते तुझ्या तोंडाने सांग." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, कारण तो ओरडला. "झालं ते झालं ना! किती उकरून काढशील?"

तिने फोन ठेवला. थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "सातवी स्टेप गाळली." आम्ही दोघी हसायला लागलो, इतक्या की रेक्टर मॅडम वर आल्या. बारा वाजून गेले होते. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी खोलीत एक नजर टाकली, हिचे सुजलेले डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "दिवा बंद करा आता." दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या.

"आणि त्या मशीन डिझाईनचा दुसरा भाग आहे का गं कोणाकडे?"