यंत्रांना हार, माणसांना उसंत

खंडेनवमीला दुपारी नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत एक फेरी मारावी. कारखान्यांच्या गेटबाहेर टेम्पोतून झेंडूचे क्रेट उतरत असतात. सुरक्षारक्षकाच्या केबिनला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण लागलेले असते. आत शॉप फ्लोअरवर लेथ, प्रेस, सीएनसी, फोर्कलिफ्ट, अगदी कँटीनमधला चहाचा बंबसुद्धा पुसून लख्ख केलेला असतो. दसऱ्याला अनेक कारखाने बंद असतात, म्हणून यंत्रांची पूजा आदल्या दिवशीच, पाळी सुटायच्या आत उरकतात.

अलीकडे मोठ्या शहरांतल्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे मनोबल वाढावे, एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून पुष्परचनेच्या कार्यशाळा घेतात. बाहेरून प्रशिक्षक येतो, टेबलावर गुलाब, जर्बेरा, कात्री आणि स्पंज मांडतो आणि मंडळी दोन तास फुलदाण्या सजवतात. उपक्रम चांगलाच आहे. पण नाशिकच्या कारखान्यांत ही गोष्ट वर्षानुवर्षे चालत आली आहे, तीही मनुष्यबळ विभागाने कोणतीही योजना न आखता.

नाशिकला फुले आणि कारखाने या दोन्ही गोष्टी हाताशी आहेत. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. आज पंचवटीतल्या गणेशवाडीत पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो, तर दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या परिसरात पॉलिहाऊसमधला गुलाब पिकतो. दुसरीकडे १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला आणि पुढच्या दशकांत सातपूर, अंबड, सिन्नर इथे कारखाने वाढत गेले. त्यांत काम करायला माणसे आली ती दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या गावांतून. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी झेंडू, शेवंती लावतात. यंत्राला हार घालणाऱ्या हातांना फूल तोडायची आणि ओवायची सवय आधीपासूनच असते.

हे ओवणे जवळून पाहण्यासारखे असते. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर झेंडूचा ढीग ओततात. एक जण देठ खुडून फुले पुढे सरकवतो, दुसरा लांब सुईने फुलाच्या मधोमध, हिरव्या भागातून दोरा काढतो. दोन केशरी, एक पिवळे, मध्ये आंब्याचे पान. दोऱ्याला फार ताण दिला तर फूल फाटते, सैल ठेवला तर हार लोंबतो. वर्षभर मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारा अनुभवी ऑपरेटर इथे अडखळतो आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला कंत्राटी मुलगा त्याला म्हणतो, "काका, सुई तिरकी नका घालू, सरळ घाला." कायम आणि कंत्राटी, सुपरवायझर आणि हेल्पर ही उतरंड त्या गोणपाटापुरती मोडते. सकाळच्या पाळीत ज्यांचे बोलणे 'माल कुठपर्यंत आला' एवढ्यावरच थांबते, ते एकमेकांच्या गावची, शेतीची, पोरांच्या शाळेची चौकशी करू लागतात. हात कामात आणि डोके मोकळे असले की माणूस सहज बोलतो.

म्हणूनच तयार हार पाहून मला वाईट वाटते. सोय म्हणून अनेक ठिकाणी ठेकेदाराला सांगून हार मागवतात, ते पाच मिनिटांत यंत्रांवर चढतात, नारळ फुटतो, पेढा वाटतात आणि संपले. काही ठिकाणी तर प्लास्टिकच्या माळा आल्या आहेत, त्या वर्षभर कपाटात पडून असतात. पूजा होते, पण जो एक तास सगळे मांडीला मांडी लावून बसले असते, तो हातचा जातो.

फुलांचा मनावर परिणाम होतो का, हे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या जेनेट हॅविलँड-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाला फूल दिले जाई, दुसऱ्याला पेन, तिसऱ्याला काहीच नाही. फूल मिळालेली माणसे देणाऱ्याच्या जवळ उभी राहत, जास्त बोलत. या संशोधनाला फूलव्यावसायिकांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. जपानमध्ये २०१४ साली ३१ पुरुष कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांनी बिनवासाचे गुलाब फक्त ४ मिनिटे पाहिले, तेवढ्याने शरीर निवांत होत असल्याच्या खुणा हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदीत दिसल्या. नुसते पाहून एवढे होत असेल, तर चार जणांत बसून फुले हाताळण्याने किती होईल?

कार्यालयांसाठीही नाशिककडे एक चांगले उदाहरण आहे. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयातच, पुष्पोत्सव भरतो. मध्यंतरी काही वर्षे तो बंद पडला होता, नंतर पुन्हा सुरू झाला. एरवी या इमारतीत माणूस येतो तो घरपट्टीची तक्रार किंवा दाखल्याचा अर्ज घेऊन, कपाळाला आठ्या घालूनच. पुष्पोत्सवाच्या दिवसांत त्याच जिन्यांवर गुलाबांच्या, कुंड्यांच्या रांगा लागतात, फुलांच्या रांगोळ्या पाहायला सहकुटुंब गर्दी होते. समोरच्या माणसाने फाईलऐवजी गुलाबाचे नाव विचारले, तर खिडकीमागच्या कर्मचाऱ्यालाही जरा बरे वाटत असेलच.

८ मार्चला, महिला दिनी, प्रत्येक महिला कर्मचाऱ्याच्या हातात सेलोफेनमधला एकेक गुलाब दिला जातो, फोटो निघतो. त्यात गैर काही नाही, पण तो गुलाब कोणी कोणासाठी निवडला हे कोणालाच सांगता येत नाही. याउलट निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या सहकाऱ्यांनी स्वतः ओवलेला हार गळ्यात पडला की तीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेला माणूसही गहिवरतो.

तेव्हा कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या व्यवस्थापनाला काही करायचे असेल तर खंडेनवमीला पाळीतला एक तास मोकळा द्यावा, तोही पगारी. कंत्राटी कामगारांना त्याच गोणपाटावर बसवावे, वेगळे नाही. ज्याला पूजा करायची नसेल त्यानेही फुले ओवायला बसावे. फूल कोणाचा धर्म विचारत नाही. यंत्राचा मेन स्विच बंद करूनच हार घालावा, फिरणाऱ्या चकवर तर कधीच नाही. पाकळ्या कूलंटच्या टाकीत पडल्या की गाळणी तुंबते आणि कंट्रोल पॅनेलच्या पंख्यात अडकल्या की आतली उष्णता वाढते. निरांजन तेलकट चिंध्यांपासून लांब ठेवावे. दसऱ्यानंतर निर्माल्य आवारातच खड्डा करून खतासाठी घालावे.

फुले शेवटच्या दोन दिवसांत बाजारात घेऊ नयेत, तेव्हा भाव चढलेले असतात. आपल्याच खात्यात कोणाच्या तरी मळ्यात झेंडू असतो. घटस्थापनेलाच त्याच्याकडे मागणी नोंदवावी आणि ठरल्या भावाने पैसे रोख द्यावेत.