झोपलेला संगणक उठत नाही तेव्हा



गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या कार्यालयात घडलेली एक गोष्ट आधी सांगतो. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांच्या आठवणी लिहून ठेवायचे काम आम्ही हाती घेतले आहे. त्या दिवशी एक आजी आल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खणखणीत. त्या सांगत होत्या आणि आमचा एक कार्यकर्ता संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये टाइप करत होता. दोन तास झाले, मग चहा आला. सगळे बाहेरच्या खोलीत गेले आणि गप्पांत अर्धा तास गेला. परत येऊन पाहतात तो पडदा काळा. माउस हलवला, चार-पाच कळा दाबल्या, काही नाही. कुणीतरी म्हणाले, "बंद पडला वाटतं," आणि भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू केले. संगणक व्यवस्थित सुरू झाला, पण दोन तासांचे लिखाण गेले होते, कारण ते एकदाही सेव्ह केलेले नव्हते.

आजी पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, पुन्हा बसल्या. बरेचसे सांगितले. मात्र पहिल्या दिवशी सहज ओठावर आलेली, त्यांच्या सासूबाईंची जात्यावरची एक ओवी त्यांना काही केल्या आठवली नाही. अजूनही आठवलेली नाही.

पुढे महिनाभरात तो संगणक आणखी दोनदा तसाच वागला. तेव्हा आम्ही घाई न करता नीट पाहिले आणि कळले की संगणक दोन्ही वेळा जागा होता, फक्त पडदा उजळत नव्हता. म्हणजे बहुधा त्या दिवशीही लिखाण आत शाबूत होते आणि आम्ही आपल्या हातांनी ते पुसले. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख. घरोघरी ज्येष्ठ मंडळी संगणकावर मुला-नातवंडांशी बोलतात, बँकेचे काम करतात, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

झोप म्हणजे नेमके काय?

संगणकात दोन जागा असतात. रॅम म्हणजे लिहायचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. आपण काम करतो ते टेबलावर. सेव्ह केले की कागद कपाटात जातो. संगणक रीतसर बंद केला की टेबल रिकामे होते.

झोपेत, म्हणजे 'स्लीप'मध्ये, टेबल आवरले जात नाही. कागद पसरलेलेच राहतात. प्रोसेसर, पंखे, डिस्क थांबतात आणि फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. ती वीज तुटली की टेबलावरचे सगळे गेले. 'हायबरनेट' हा वेगळा प्रकार आहे. त्यात टेबलाची जशीच्या तशी नक्कल कपाटात ठेवून वीज पूर्ण बंद होते, त्यामुळे लाइट गेले तरी काम राहते. डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' अशी तिसरी सोयही असते. त्यात झोपण्यापूर्वी एक नक्कल डिस्कवर ठेवली जाते आणि रॅमलाही वीज मिळत राहते.

जागे होताना क्रमाने बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात. कीबोर्डचा किंवा बटणाचा इशारा पोहोचला पाहिजे, वीजपुरवठा पूर्ववत झाला पाहिजे, प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरने आपला भाग उठवला पाहिजे आणि शेवटी पडद्याला चित्र मिळाले पाहिजे. यातली एक कडी निसटली तरी आपल्याला दिसतो तो काळा पडदाच. म्हणून कोणती कडी निसटली ते आधी ओळखायचे.

पहिली दोन मिनिटे: भिंतीचे बटण बंद करू नका

१. एक कळ दाबा आणि मिनिटभर थांबा. जुन्या, फिरत्या हार्डडिस्कच्या संगणकाला उठायला वेळ लागतो.

२. कॅबिनेटवरचे पॉवर बटण एकदाच, हलके दाबून सोडा. धरून ठेवू नका. काही उत्तर येते का पाहा. सारखे सारखे मात्र दाबू नका, कारण संगणक आधीच जागा असेल तर त्याच बटणाने तो पुन्हा झोपेल किंवा बंद होऊ लागेल.

३. कॅबिनेटला कान लावा. पंखा फिरतो का? दिवा स्थिर आहे की मंद मिचकावतो आहे? बहुतेक संगणकांत मिचकावणारा दिवा म्हणजे झोप आणि स्थिर दिवा म्हणजे जाग.

४. कीबोर्डवरची कॅप्स लॉक कळ दाबा. तिचा दिवा लागतो-विझतो का? ही परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. दिवा बदलला तर संगणक जागा आहे. काही बिनतारी कीबोर्डना हा दिवाच नसतो, म्हणून घरात एक साधा तारेचा कीबोर्ड असू द्यावा.

संगणक जागा, पडदा काळा

आमच्या कार्यालयात हेच होते. आधी मॉनिटरचे स्वतःचे बटण बंद करून पुन्हा चालू करा. मॉनिटरला एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट अशा एकापेक्षा जास्त जोडण्या असतील तर तो भलत्याच जोडणीवर गेलेला असू शकतो. त्याच्या मेनूतून योग्य जोडणी निवडा. मागची वायर दोन्ही टोकांना नीट बसली आहे ना, हे हाताने दाबून पाहा. झाडू-फडके करताना ती सैल होते. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी.

तरी उजेड नाही, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. बहुधा एक बारीक 'बीप' ऐकू येतो आणि पडदा परत येतो. उघडलेल्या कामाला यात धक्का लागत नाही.

तेही जमले नाही तर आंधळेपणाने सेव्ह करता येते. उठल्यावर पासवर्ड मागणारा संगणक असेल तर एक कळ दाबा, क्षणभर थांबा, पासवर्ड टाइप करून एंटर दाबा. मग कंट्रोल आणि एस. फाइल नवी असेल तर नाव विचारले जाते, म्हणून एखादे छोटे नाव टाइप करून एंटर. काही दिसत नसते, पण तुम्ही काम करत होता तीच खिडकी समोर असेल तर हे चालते. त्यानंतर विंडोज आणि एक्स एकत्र, मग यू, पुन्हा यू, असे दाबले की विंडोज १० आणि ११ मध्ये संगणक रीतसर बंद होतो. त्या दिवशी एवढे ठाऊक असते तर ओवी वाचली असती.

संगणकच उठत नसेल तर

कॅप्स लॉकचा दिवा बदलत नाही, पण पॉवर बटण दाबल्यावर संगणक उठतो, असे असेल तर दोष कीबोर्ड-माउसच्या परवानगीत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, कीबोर्डवर डबल क्लिक करा, 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये 'अलाउ धिस डिव्हाइस टु वेक द कॉम्प्युटर' या ओळीपुढे खूण करा. माउससाठीही तेच. बिनतारी कीबोर्डचा डोंगल यूएसबी हबमधून काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावून पाहा.

पंखे फिरतात, पण ना पडदा ना कॅप्स लॉक, म्हणजे उठता उठता संगणक अडकला. पाचेक मिनिटे वाट पाहा. मग मात्र इलाज नाही. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे तो बंद होईल. न सेव्ह केलेले काम जाईल हे मनाशी धरूनच हे करायचे. नंतर प्लग काढा, पॉवर बटण पुन्हा काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, मिनिटभराने प्लग लावून सुरू करा. वर्ड किंवा एक्सेलमध्ये काम करत असाल तर ते प्रोग्रॅम उघडून 'रिकव्हर' झालेल्या फाइली दिसतात का ते आधी पाहा. हे प्रोग्रॅम सहसा दर दहा मिनिटांनी एक प्रत आपणहून ठेवतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदाच झाले तर सोडून द्या. वारंवार होत असेल तर या क्रमाने जा आणि एका वेळी एकच बदल करा. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिले, 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही आतला गाभा डिस्कवर साठवला जातो आणि उद्या तोच परत उचलला जातो, बिघाडासकट. 'रीस्टार्ट'मध्ये तसे होत नाही. कंट्रोल पॅनलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअप बंदही करता येते.

दुसरे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो कार्ड किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. अपडेट झाल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक' करून जुन्यावर जाता येते. आमच्या कार्यालयातला त्रास नवा ड्रायव्हर टाकल्यावर थांबला.

तिसरे, 'पॉवर ऑप्शन्स'च्या तपशिलात हायब्रिड स्लीप बंद करून पाहा. काही संगणकांना तिचे वावडे असते.

चौथे, हार्डवेअर. संगणक जुना असेल आणि झोपेतून उठताना सरळ बंदच पडत असेल, तर एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, थकलेला असू शकतो. तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदला. हा स्वस्तातला उपाय आहे. रॅम काढून साफ करणे, बायोस अद्ययावत करणे ही कामे मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. आणि त्याला बोलावण्याआधी कॅप्स लॉक, दिवा, पंखा यांची उत्तरे कागदावर लिहून ठेवा. तेवढे सांगितले की नेमके काय पाहायचे ते त्याला कळते आणि वायर सैल असताना आपण नव्या एसएमपीएसचे पैसे भरत नाही.

पावसाळ्यातले लाइट जाणे तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. घराच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज गेल्यावर तो सुरू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यातही संगणक बंद पडू शकतो. संगणकाला स्वतंत्र यूपीएस असावा.

मंडळात आम्ही काय बदलले

कार्यालयातल्या संगणकाची झोप आता 'नेव्हर'वर आहे. दहा मिनिटांनी फक्त पडदा बंद होतो आणि संध्याकाळी शेवटी जाणारा संगणक रीतसर बंद करतो. वीज थोडी जास्त लागते, ती आम्ही मान्य केली आहे. घरच्या संगणकाला झोप हवीच असेल तर खुशाल ठेवा, पण उठून जाताना कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा.

आठवणींचे लिखाण आता फाइलला नाव दिल्याशिवाय सुरूच होत नाही. शिवाय समोर मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू असते आणि दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर जाते.

आपल्या घरी अशा आठवणी सांगणारे कुणी असेल तर त्यांना जरूर घेऊन या किंवा आम्हाला घरी बोलवा. आणि जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर अवश्य कळवा. आजींना एखादी ऐकवली तर कदाचित त्यांची त्यांना आठवेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.